इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं

सरकारी कचेरीतल्या लघुलेखिका बाईंच्या हातून बोललेला शब्द निसटत नसे. साहेब शिंकले तरी बाई टिपून घेतील, अशी चेष्टा चाले, आणि बाईंना ती मनातून आवडायची.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहात जनसुनावणी होती. मोठ्या कंपनीला नदीकाठी दुसरा कारखाना काढायचा होता. लोकांनी बोलायचं, सरकारनं ऐकायचं, बाईंनी लिहायचं. मासेमार बोलले, मास्तर बोलले, दूधवाले तर थांबेचनात. एकूण एक्केचाळीस हरकती झाल्या. एका म्हातारीची एवढीच, की आजवर तिला कुणी काही विचारलंच नाही.

चहाच्या वेळी कंपनीच्या व्यवस्थापकांनी बाईंपुढे तयार कागद सरकवला. उपस्थितांनी काही सूचना केल्या, प्रकल्पाचे स्वागत झाले, एवढंच त्यात होतं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. व्यवस्थापकांनी मग बाईंच्या नवऱ्याची अगदी आपुलकीनं चौकशी केली. नवरा त्यांच्याच जुन्या कारखान्यात फिटर. बावीस वर्षं राबल्यावर आता कुठे फोरमन व्हायचा होता, आणि त्याच्या बढतीचा कागद याच माणसाच्या सहीवाचून अडला होता. बाईंनी सभागृहात नजर टाकली. नवरा मागच्या रांगेत निळ्या गणवेशात बसला होता. कंपनीनं टाळ्या वाजवायला कामगार गाडी भरून आणले होते.

इतिवृत्त सभेतच वाचून दाखवायचं, असा नियम होता. तो कुणी पाळत नसे, ही गोष्ट वेगळी. बाई उठल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "मी लिहिलंय तेच वाचते."

त्यांनी एक शब्द गाळला नाही. स्वतःचं वाक्य ऐकून म्हातारी ताठ बसली. साहेबांनी तो तयार कागद हळूच व्यवस्थापकांकडे परत सरकवला.

एक्केचाळीस संपल्या. नवऱ्याकडे बघायचा बाईंना धीर होईना. त्याला न विचारता त्याच्या तोंडचा घास त्यांनी काढून घेतला होता.

मागे खुर्ची सरकली. निळ्या कपड्यांतला तो एकटाच उभा होता. घरी 'अगं'शिवाय हाक न मारणारा माणूस चारचौघांसारखा आदरानं बोलला.

"बाई, बेचाळिसावी लिहून घ्या. जुन्या कारखान्याचं घाण पाणी नदीत कुठून सोडतात, ते मी दाखवतो. तो पाइप मीच जोडलाय."

बाईंचा ऊर अभिमानानं भरून आला. डोळे पुसायला मात्र त्या थांबल्या नाहीत. शब्द निसटला असता.