पहिला तुकडा

बाजरीची भाकरी भाजल्याचा वास आला की दवाखान्यातली ती दुपार आठवते. मेंदूच्या झटक्यानंतर वडील कुणालाच ओळखत नव्हते. आईनं भाकरी पुढं धरली, तर पहिला तुकडा मोडून त्यांनी खाटेखाली टाकला. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याआधी ते कधीच जेवले नव्हते, आणि कुत्रं तर केव्हाच मेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "नुसती हाताची सवय. त्यामागं आता काही नाही." आईनं हळूच विचारलं, "माझा हात धरून बसत्यात, ती बी सवयच व्हय?" डॉक्टर म्हणाले, "तीही." आईनं वाकून तुकडा उचलला, पदरात बांधला. आज पुंडलिकनगरातल्या माझ्या घरी कुत्रं नाही. तरी पहिला तुकडा मी ताटाबाहेर ठेवतो. सवयच ती. पण ठेवल्याशिवाय घास उतरत नाही.