तात्यांच्या कागदातली शेवटची ओळ

आमचे श्रीमंततात्या नावाचेच श्रीमंत. रान सगळं मिळून आठ एकर, त्यातलं दोन एकर बरड, नुसते दगडगोटे आणि दोन जुन्या खोल्या. पण मिरजगावच्या आसपास कुणाच्या घरी भावाभावांच्या वाटण्या निघाल्या की पहिला फोन तात्यांना. दुसरा मला, म्हणजे गहिनीनाथला, कारण टेपचं दुसरं टोक धरायला आणि कागद लिहायला मी. वीस वर्षं हेच चाललंय. रान आम्ही दोघांनी मोजायचं, पण चहाचा पहिला कप मात्र त्यांचाच.

तात्यांचा कायदा एकच. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मग थोरला काय लबाडी करतोय! वाईट तुकडा आपल्याच गळ्यात पडेल या भीतीनं बिचारा ढेकूळ न् ढेकूळ बघून वाटे सारखे करतो. विहीर, पाइपलाइन, गाया, कडब्याची गंजी, सगळं झालं की तात्या मान ताठ करून सांगणार, "ल्ही शेवटची ओळ. वडील थोरल्याकडं, आई धाकट्याकडं. एकाला एक. फिट्टंफाट." मग तीनदा "कुनाची काय तक्रार?" विचारायचं, आणि सह्या.

त्या म्हातारा-म्हातारीला कुणी विचारायचं नाही. मीही नाही विचारलं, खोटं कशाला बोलू?

झुंबरबाईचं घर असंच वाटलं आम्ही. ती धाकट्याच्या वस्तीवर, नवरा थोरल्याच्या, मधे ओढा. तेव्हापासून रोज दुपारी दोघं ओढ्याच्या काठाला येऊन बसतात. ती पदराआड काहीतरी खायला आणते. लोक हसतात. तात्या सगळ्यांत जोरात, "बघा, म्हातारा निघाला भेटायला!" त्यांच्या बायकोला, कडूबाई काकूंना, मात्र कधी हसू आलं नाही.

काकूंचं नाव कडू आणि जीभ नावाला जागणारी. तात्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला की चपला कुठं काढल्या इथपासून सुरुवात. तात्याही कमी नाहीत. "जातो बघ एकदाचा सावेडीला अजिनाथकडं. फ्लॅटमदी निवांत ऱ्हातो," ही थोरल्या लेकाकडं जायची धमकी दिवसातून दोनदा. पंचेचाळीस वर्षं हे भांडण चाललंय, आणि दुपारची भाकरी मात्र एकमेकांवाचून कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

गेल्या महिन्यात तात्यांच्याच घरी वाटण्या निघाल्या. दोनच लेकं. थोरला अजिनाथ नगरला सावेडीत, धाकटा बिभीषण इथं शेतीवर. भांडण नव्हतं, कागद वेळेवर व्हावा एवढंच. अजिनाथनं वाटे पाडले, चार-चार एकर, बरडाचाही एकेक एकर दोघांना. बिभीषणनं विहिरीकडचा उचलला. तासाभरात काम फत्ते. तात्या असे फुगले होते की सदऱ्याची बटणं तुटतात की काय.

मी कागद मिटणार तेवढ्यात बिभीषण म्हणाला, "गहिनीदादा, तात्यांची शेवटची ओळ ऱ्हायली की."

पोराच्या मनात काही वाकडं नव्हतं. बापाचा कायदा तो बापालाच आठवण करून देत होता. पण तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वडील थोरल्याकडं म्हणजे सावेडी, तिसरा मजला. आई इथंच. ज्या फ्लॅटची रोज धमकी दिली तो खरोखर समोर येऊन उभा राहिला. माझा पेन हलेना.

काकू चुलीपुढून उठून आल्या. "ल्ही की रं. गावाच्या म्हाताऱ्या वाटल्या, मलाच वाटायला पेन का अडला? मलाबी एक ओढा बघून ठेवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या घसा खाकरत म्हणाले, "आसं कर. विहीर सामाईक, रस्ता सामाईक, तसं आमी दोघंबी सामाईक."

"सामाईक?" काकू कडाडल्या. "सामाईक मोटार जळली तर कोन भरून आनतं? तू आन, मी का आनू, करत पीक वाळून जातं. मला न्हाई सामाईक व्हायचं."

मग कंबरेला पदर खोचून त्या नवऱ्यापुढंच उभ्या राहिल्या. "थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. कायदा तुमचाच ना? आपल्या दोघांचे वाटे तुमी पाडले. तुमच्यापेक्षा मी सात वर्सांनी धाकटी. आता मी उचलनार."

मी कागद पुन्हा गुडघ्यावर ओढला.

"ते बरडाचं दोन एकर माझं," काकू बोटांवर मोजत म्हणाल्या. "तितल्या दोन खोल्या माझ्या. आन् ह्यो माणूस माझा. ह्योबी बरडच हाय, काय पिकत न्हाई, नुसता टोचतो. पर माझ्या वाट्याला टाका."

अजिनाथ हसता हसता डोळे पुसायला लागला. बिभीषण खाली बघत म्हणाला, "आई, आमाला तसं नव्हतं म्हनायचं गं." मी भराभर लिहिलं. दोन्ही लेकांनी आपापला बरडाचा एकर सोडला. तात्यांनी सवयीनं विचारलं, पण आवाज पार बसलेला, "कुनाची काय तक्रार?"

"ढीगभर हायेत," काकू म्हणाल्या. "कागद पुरायचा न्हाई. सही कुटं करू ती दाव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या माझ्या दारात. मी खुंटीवरचा टेप काढायला गेलो.

"टेप नको," ते म्हणाले. "पेन घे. झुंबरबाईच्या लेकांकडं जायचंय."