साबणाने भरलेल्या बांगड्या

कोणी वाचलंच तर माफ करा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

मोताळ्याच्या बाजारात रोहिणखेडचे एक बांगडीवाले चाचा बसतात. नाव विचारायला मी लाजते. प्रत्येक बांगडी ते नखाने वाजवून, कान देऊन मगच हातात भरतात. एका बाजारच्या दिवशी डॉक्टरांनी मला शुगरसाठी इन्सुलिन दिलं होतं. बाटली पिशवीत होती, पण सुई टोचायचीच नाही असं मी ठरवलं होतं. बांगड्या भरायला बसले, तर चाचांनी सदरा वर करून पोटाला सुई टोचली आणि भाकरीचा डबा उघडला.

"तुमालेबी शुगर हाये?" मी विचारलं.

"हाव. तुले काऊन घाम फुटला?"

मी बाटली दाखवली. जेवण झाल्यावर माझ्या हाताला साबण चोळत ते म्हणाले, "खाल्लेली साखर रक्तातच फिरत राह्यते बाई, अंगात शिरत नाही. इन्सुलिन म्हंजे हा साबण." बांगडी सर्रकन मनगटावर गेली.

साठ रुपये झाले, पण चाचा पैसे घेईनात. "सुई सुरू कर, मंग दे. नाही केली तं बांगड्या वापस!"

पुढच्या बाजारी मी गेले.

"टोचली?"

"हाव, रोज."

"रडली?"

"पयल्या दिवशी."

चाचांनी हसत हात पुढे केला. मी साठच्या साठ रुपये त्यांच्या तळहातावर ठेवले.