सखारामतात्यांचं नाव

गणपत भाट वंशावळ वाचायला बसले की सूर्यापासून सुरुवात करायचे. इक्ष्वाकू, रघू, दशरथ असे राजे तोंडपाठ सांगत ते आमच्या खापरपणजोबांपर्यंत यायचे आणि थांबायचे. "सूर्यापासनं निघालो, तुमच्या उंबऱ्याशी पोचलो. लई तंगडतोड झाली, पानी द्या."

दर तीन वर्षांनी ते कोल्हारकडून पायी यायचे. घरात जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायचे. ज्याच्या बापाचं नाव येईल त्यानं उठून त्यांच्या उपरण्यात ओंजळभर ज्वारी घालायची, अशी रीत होती.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या वर्षी माझ्या बहिणीची सोयरीक जमत होती. मुलाकडची मंडळी वंशावळ ऐकायला येणार होती. आजोबांनी एका विधवेशी पाट लावला होता, म्हणजे दुसरं लग्न; सखारामतात्या त्यांना तिच्यापासून झालेले. पाटाची गोष्ट पाहुण्यांपुढे नको म्हणून ते एक नाव गाळता येईल का, असं मी भाटबुवांना विचारलं.

ते हसले. "वहीतनं काढलं म्हंजी मानूस काय पोटात माघारी जातो व्हय, मास्तर?"

मीही हसण्यावारी नेलं. त्यांची नजर अधू झाली होती, वही जीर्ण. "तुमचं अक्षर मोत्यावानी. माझं म्हंजी कोंबडी नाचल्यावानी," म्हणत त्यांनी नवी वही माझ्याकडूनच उतरवून घेतली. तीन दिवस लागले.

"समदी आली?"

"आली."

त्यांनी जुनी वही कपाळाला लावली आणि रिवाजाप्रमाणे प्रवरेत सोडली.

वाचनाच्या दिवशी राजे त्यांनी सांगितले, घरची नावं मी वाचली. सखारामतात्यांचा मुलगा दगडू ओंजळ भरून बसला होता. मी वही मिटली.

"दगडूचा बाप ऱ्हायला का?" भाटबुवांनी विचारलं.

"जुन्या वहीतही नव्हता," मी म्हणालो.

समोर पाहुणे होते, आत बहीण होती.

"मग मागं माझ्याच हातनं ऱ्हायलं आसंल. दगडू, मला माफी कर."

दगडूनं ज्वारी पोत्यात परत टाकली. "तुमी कशाला माफी मागता, बुवा," एवढंच बोलून तो गेला. पुढं ऊसतोडीला गेला तो गावात राहायला आलाच नाही.

निघताना भाटबुवांनी मला बाजूला घेतलं. "मधी जागा सोडलीया का?"

"नाही."

"आसू द्या. कडंला लिवा. आज न्हाई, पाव्हनं गेल्यावर."

पाहुणे गेले, लग्नही झालं. मी लिहिलं नाही. दुष्काळात भाटबुवा वारले. माणसं अजून म्हणतात, म्हातारा दगडूच्या बापाला विसरला.

ते विसरले नव्हते. सखाराम माझ्या आजोबांचे पुत्र, दगडू सखारामतात्यांचा. नाव मी गाळलं.