दहा नंबरचं रिकामं मशीन

आधीच सांगते — भूतखेत, बाहेरचं, नजर, मी काही म्हणजे काही मानत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातले अंगारे-धुपारे बंद झाले. त्यामुळं खाली "ताई, भास झाला असेल" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं... मी डिप्लोमावाली आहे, कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करणं हेच माझं काम.

लोहाऱ्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात मी फुकट कॉम्प्युटर क्लास चालवते. पुण्याच्या एका ऑफिसनं जुनी दहा मशीनं दिली. दहाव्याचा मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, सगळं काढून मी बाकीच्यांत घातलं, तेव्हा कुठं नऊ चालू झाली. पण देणाऱ्यांना दहाही मशीनं मांडलेला फोटो हवा! मग काय, रिकाम्या खोक्याला मॉनिटर-कीबोर्ड जोडून कोपऱ्यात ठेवलं.

शोभामावशी एका खासगी दवाखान्यात झाडलोट करायच्या. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवसांत टायपिंग शिकलात तर पेशंटच्या नोंदणीवर बसवतो, नाहीतर दुसरी बाई बघतो. मावशी पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या. माऊस उलटा धरायच्या. नऊ मशीनांवर टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी बसलेल्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कोपऱ्यातल्यावर बसा. स्क्रीन काळा असला तरी चालतंय, बोटांना सवय होऊ द्या." खोकं रिकामं आहे हे काही सांगितलं नाही. रोज दुपारी एक तास त्या बसायच्या. मी ढुंकूनही बघितलं नाही.

बाराव्या दिवशी सहज तिकडं गेले तर... स्क्रीन चालू! पांढऱ्या पानावर मराठीत ओळी. पहिली ओळ नुसती "शोभ शोब शोभा". खाली पेशंटचं नाव, गाव, वय, तक्रार — पानंच्या पानं. शेवटच्या पानावर एक चूक नाही.

"मावशी, हे कुणी चालू केलं?"

"कुणी म्हंजे? पयल्या दिवसापासनं चालूच हाय की मॅडम."

मी स्क्रू काढून खोक्याची बाजू उघडली. आत धूळ आणि एक वाळलेली पाल. खोक्याची वायरसुद्धा भिंतीवरच्या स्विचबोर्डात खोचलेली नव्हती. पोरी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. एक किंचाळली, आणि स्क्रीन काळा झाला.

समाजमंदिराच्या समितीचे अण्णा धावत आले. "पोरी, ते आधी भंगारात घाल. न्हायतर उद्यापासनं कुणी लेकी धाडायचं न्हाय, क्लास बंद पडंल."

"अण्णा, ह्याच्यावर एक बाई शिकलीय. ते हलणार न्हाय. ज्याला भ्या वाटतंय त्यानं माझ्याशी येऊन बोलावं."

कुणी आलं नाही. दोन दिवस क्लास ओस पडला, मी एकटीच नऊ मशीनं चालू करून बसले. तिसऱ्या दिवशी मावशींनी डॉक्टरांपुढं टाईप करून दाखवलं आणि नोंदणीच्या खुर्चीवर बसल्या. गावभर झालं. मग पोरी आपल्या पायांनी परत आल्या, एक-दोघी तर कोपऱ्यातल्याच मशीनसाठी भांडायला लागल्या!

कॉलेजातल्या चार मित्रांना विचारलं. चौघांनीही खोकं परत एकदा नीट उघडून बघ म्हणून सांगितलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय असतंय, मला काय ठावं? तुमी बसा म्हणला, म्या बसून शिकून घेतलं."

ते मशीन कसं चाललं, मला आजही सांगता येत नाही. मावशींना रिकाम्या खोक्यापुढं का बसवलं, ते मात्र सांगता येतं... ही बाई शिकणारच नाही, असं मी धरून चालले होते.