वाट चुकलेल्यांचं वाक्य

कोणत्या साली आणि कोणत्या खोऱ्यासाठी ते मी सांगणार नाही. माणसांची नावंही नाहीत. तसं लिहून दिलं होतं तेव्हा. पण जे घडलं ते माझ्या शहरात, माझ्या तोंडून घडलं, आणि अजूनही कधी कधी वाटतं की ते मी दुपारच्या झोपेत पाहिलं असावं.

मी खराडीच्या एका कंपनीत काम करते. चिनी भाषेतली यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत आणायची, हे माझं रोजचं काम. पंप सुरू करण्यापूर्वी झडप बंद असल्याची खात्री करा, अशी वाक्यं. कॉलेजात असताना संध्याकाळच्या वर्गात ही भाषा शिकले, मग शिष्यवृत्तीवर तिकडे राहून आले. सरकारच्या दुभाष्यांच्या यादीत माझं नाव होतं, व्यापारी बैठकांना एकदोनदा गेलेही होते. म्हणून त्या जानेवारीत दिल्लीहून फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा कुठलं तरी व्यापाराचंच शिष्टमंडळ असेल.

ते सीमेबद्दल होतं. दोन्ही देशांची माणसं डोंगरातल्या एका खोऱ्याच्या सुरक्षेबद्दल बोलायला भेटणार होती. राजधानीत भेटलं की पत्रकार जमतात, म्हणून या वेळी पुणं. आमच्या बाजूचा नेहमीचा दुभाषी टायफॉइडनं आजारी पडला होता.

"परवापासून येऊ शकाल?" फोनवरच्या माणसानं विचारलं.

नवऱ्याला एवढंच सांगितलं की काही दिवस कॅम्पात काम आहे, आणि काय काम ते सांगता येणार नाही.

"बरं," तो म्हणाला. "भाजी कोणती करायची ते सांगता येईल ना? का तेही गुप्त?"

बैठक लष्कराच्या एका जुन्या अतिथिगृहात होती. आवारात मोठाले वर्षावृक्ष होते, आणि सकाळी त्यांच्या फांद्यांत धुकं अडकून राहायचं. पहिल्या दिवशी मी गेटातून आत चालत गेले तेव्हा समोरची इमारत दिसतच नव्हती. नुसता कपबशांचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले.

टेबलाच्या एका बाजूला आमचे प्रमुख. साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, इंग्रजी अगदी सावकाश बोलणारे. माझ्याशी मात्र मराठीत बोलायचे, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. समोर पाहुण्यांचे प्रमुख, सत्तरीला टेकलेले, बारीक अंगाचे. एकेकाळी सैनिक होते, असं त्यांच्या परिचयात सांगितलं गेलं. त्यांच्या शेजारी त्यांचा दुभाषी, माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर सरकवून बसणारा. आमचे प्रमुख बोलले की मी चिनीत सांगायचं, त्यांचे बोलले की त्यानं इंग्रजीत.

दुभाष्यानं प्रथमपुरुषीच बोलायचं असतं. प्रमुख म्हणाले, मला याची काळजी वाटते, की मीही तसंच म्हणायचं, मला काळजी वाटते. दिवसभर मी 'मी' म्हणत होते आणि त्यातला एकही 'मी' माझा नव्हता. दुपारपर्यंत स्वतःचा आवाज कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलतंय असा ऐकू यायला लागला. टेबलावर खोऱ्याचा नकाशा पसरलेला होता. तपकिरी डोंगर, निळा ओढा, आणि त्यावरून दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून गेलेल्या दोन रेषा. एक त्यांची, एक आमची. मधल्या पट्ट्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या कोऱ्या पट्ट्याकडे बघत राहायचे. तिथे गवत असेल, वारा असेल, एखादं जनावर मान वर करून बघत असेल.

आदल्या हिवाळ्यात त्या पट्ट्यात आमचा एक सैनिक धुक्यात हरवला होता. समोरच्यांना सापडला, आणि परत यायला फार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत दोन्हीकडे कुमक वाढली, तंबू वाढले, आवाज वाढले. पुन्हा असं होऊ नये म्हणून एक वाक्य ठरवायचं होतं: असा माणूस सापडला तर काय करायचं.

वाक्य पहिल्याच शब्दावर अडलं.

आमच्या मसुद्यात होतं, 'चुकून सीमा ओलांडून आलेला सैनिक'.

"कोणती सीमा?" समोरून विचारणा झाली. "तुमच्या रेषेनं बघितलं तर आमच्या माणसानं ती ओलांडली. आमच्या रेषेनं बघितलं तर तो आपल्याच घरात उभा आहे."

त्यांनी दुसरा शब्द सुचवला, 'प्रवेश केलेला'. आमच्या प्रमुखांनी मान हलवली. प्रवेश म्हटलं की दार आलं, आणि दार कुठे आहे तेच तर ठरायचं होतं. ओलांडणं, शिरणं, येणं, जाणं. प्रत्येक क्रियापदाच्या पोटात एक रेषा लपलेली. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा उंबऱ्यावर थबकले. नवरा आतून म्हणाला, "येतेस, का तिथूनच परत जातेस?" मला हसू आलं, पण का ते त्याला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. मग पाहुण्यांचे प्रमुख एकदम म्हणाले की आपण या शहरात आलो आणि या हॉलचे पडदेच बघत बसलो. इथली माणसं भाजी कुठे घेतात ते बघायला आवडेल.

सुरक्षेच्या लोकांची धावपळ झाली. पण आमचे प्रमुख उठून उभेच राहिले. "चला. माझेही पाय आखडलेत."

मंडईत आम्ही पोचलो तेव्हा दुपारची सुस्ती होती. गिऱ्हाईक थोडं होतं, आणि वरच्या झरोक्यांतून ऊन तिरकं खाली येत होतं. त्या उन्हात धूळ तरंगत होती, कोथिंबिरीचा वास तरंगत होता, आणि उंच ओट्यांवर बसलेल्या बायका अर्धवट डोळे मिटून बसल्या होत्या. साध्या कपड्यांतले पोलीस वांगी निवडण्याचं नाटक करत होते.

पाहुण्यांचे प्रमुख एका मटारच्या ढिगासमोर थांबले. एक शेंग उचलली, अंगठ्यानं उघडली, आणि दाणे तोंडात टाकले. मग दुसरी.

ओट्यावरची बाई डोळे न उघडताच म्हणाली, "घ्यायचे असतील तर घ्या. सोलून खायला इथे पंगत नाही बसलेली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे आता कसं सांगायचं? मी जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला. त्यानं दोन्ही हात जोडून बाईला नमस्कार केला. बाईनं एक डोळा उघडला, त्याला नीट बघितलं, आणि स्वतःच मूठभर शेंगा त्याच्या हातात ठेवल्या.

"खा म्हणावं. पाहुणे दिसताय."

शेंगा हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग बोलायला लागला, कुणाकडे न बघता, हळू आवाजात. त्याचा दुभाषी मागच्या ओट्यांपाशी राहिला होता, म्हणून ते मीच आमच्या प्रमुखांना मराठीत सांगत गेले.

तो म्हणाला, "मी वीस-बावीस वर्षांचा होतो. त्याच डोंगरात पहाऱ्यावर होतो. धुकं आलं आणि माझी वाट चुकली. स्वतःचे बूट दिसत नव्हते. रात्रभर चाललो. पहाटे कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग धुराचा वास. एक तंबू होता, मेंढपाळांचा. आत एक म्हातारी. माझ्या गणवेशाकडे तिनं पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, आणि चुलीपाशी सरकून जागा केली. भाजलेले वाटाणे दिले, मिठाचा चहा दिला. मी तिथेच झोपलो. जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं. तिच्या मुलानं मला ओढ्यापर्यंत आणून सोडलं आणि हातानं दिशा दाखवली."

आमच्या प्रमुखांनी विचारलं, "तंबू कुणाच्या बाजूला होता?"

मी प्रश्न चिनीत विचारला. म्हाताऱ्यानं एक दाणा तोंडात टाकला.

"मी विचारलं नाही. तिनंही नाही विचारलं. मी फक्त वाट चुकलेला होतो."

मागून त्याचा दुभाषी येऊन पोचला होता. त्यानं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. चिनीत वाट चुकण्याला 'मीलू' म्हणतात. त्या शब्दात एक हरवलेला माणूस आहे आणि एक वाट आहे. रेषा नाही.

आम्ही गाडीतून परत निघालो. बाहेरची दुकानं, स्कूटरी, उसाच्या रसाची गुऱ्हाळं काचेवरून वाहत गेली. आमचे प्रमुख डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. कॅम्पाच्या वळणावर ते म्हणाले, "ताई, तो शब्द कागदावर चालेल का? का फारच बोलण्यातला वाटेल?"

"चालेल, सर," मी म्हटलं. "लहान मुलालासुद्धा कळेल."

"तीच भीती आहे," ते म्हणाले. "आमच्या खात्यात असं काही पटकन मंजूर होत नाही."

हॉलमध्ये बसल्यावर त्यांनीच तो शब्द मांडला, आपला म्हणून नव्हे, पाहुण्यांचा म्हणून. पाहुण्यांच्या प्रमुखांनी तो हातातल्या पेन्सिलीनं कागदावर लिहून पाहिला. मग दोन्हीकडून फोन झाले, राजधान्यांना विचारणा झाली. आम्हा दोघा दुभाष्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. तो मला म्हणाला, "माझी आजी म्हणायची, तू बाजारात सारखा हरवतोस." मी म्हटलं, "माझी आई अजून म्हणते." याहून जास्त आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. झाडांवर संध्याकाळचे पोपट कलकलाट करत होते, आणि ती भाषा मात्र आम्हा दोघांनाही येत नव्हती.

उजेड मावळता मावळता वाक्य ठरलं. खोऱ्यात वाट चुकलेला कोणीही माणूस, सैनिक असो वा मेंढपाळ, ज्यांना सापडेल त्यांनी त्याला ऊब आणि अन्न द्यावं, समोरच्यांना लगेच कळवावं, आणि हवा निवळताच त्याला त्याच्या माणसांपाशी पोचवावं. मी ते दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचलं. वाचताना शेजारच्या खोलीतला तो परका आवाज गेला होता. आता येत होता तो माझाच होता.

बाकी काही ठरलं नाही. रात्रीची गस्त, तंबू, रस्ता, सगळं पुढच्या फेरीवर गेलं. रेषा दोनाच्या दोनच राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे धुक्यात गाडीत बसले. म्हाताऱ्यानं काच खाली करून मला विचारलं, "त्या बाईला तुम्ही ओळखता?" मी नाही म्हटलं. "मग भेटलात की माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

मी सांगितला. पुढच्या रविवारी मुद्दाम गेले. बाई म्हणाली, "कोण पाहुणे? दिवसाला शंभर येतात," आणि तराजू पुढे केला.

त्यानंतरचा हिवाळा. ऑफिसात मी एका पिठाच्या गिरणीचं पुस्तक करत होते. फोन वाजला. साताऱ्याचा तो सावकाश आवाज.

"ताई, बातमी येईल उद्या, अगदी लहान. म्हटलं तुम्हाला आधी सांगावं. खोऱ्यात बर्फाचं वादळ झालं. आमचा एक पोरगा हरवला होता, त्यांना सापडला. वादळ थांबलं आणि आज सकाळी ते त्याला आणून सोडून गेले. कुणी आवाज चढवला नाही, तंबू हलला नाही."

मी म्हटलं, "कसा आहे तो?"

"बोटं जरा गारठलीत. बाकी ठीक."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "चुलीपाशी गाढ झोप लागली होती म्हणे. तिकडे झोपला, गाडीत झोपला, आता आपल्या चौकीतही झोपलाय. डॉक्टर म्हणतात, झोपू द्या."

फोन ठेवल्यावर मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. कुठे तरी फार उंचावर एक मुलगा घोंगडीत गुरफटून झोपला होता, आणि त्याला कुणी उठवत नव्हतं.