भेगाळलेल्या तळ्याचा फोटो

"आमचा तलाव मेला, असा कोनी सांगला तुला?"

हिराबाईंनी रविवारची पुरवणी माझ्या टेबलावर पसरली आणि फोटोवर बोट ठेवलं. भेगा पडलेली जमीन, तिच्यावरून डोक्यावर टोपली घेऊन चाललेली एक बाई. ती बाई म्हणजे हिराबाईच. फोटोखालची ओळ माझी होती: 'तापत्या पृथ्वीचा बळी: कळव्याजवळचं आटलेलं तळं.'

नव्वदच्या दशकात मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पृथ्वीचं तापमान वाढतं आहे, हा विषय तेव्हा वाचकांना नवा होता. लेख चांगला आला होता, पण सोबत फोटो नव्हता. संपादक म्हणाले, "पान बघूनच वाचकाला तहान लागली पाहिजे." तापमानाचा फोटो निघत नाही. म्हणून आम्ही भेगा शोधायचो. आमच्या फोटोग्राफरकडे, सुधाकरकडे, त्या मिळाल्या.

सुधाकर गेल्या महिन्यात वारला. त्याच्याविषयी लिहायला बसलो, आणि पहिल्यांदा हेच आठवलं.

"दर वैशाखात आमी उघाडी खोलतो," हिराबाई सांगत होत्या. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. "पानी सोरतो, मासं धरतो. मंग तल उन्हान भाजू देतो. किरा मरतो. पावसान तलाव परत भरतो. माझ्या आजेसासूपासून असाच चाललाय."

"चूक झाली, मावशी. आम्ही खुलासा छापू."

"तुझा खुलासा वाचतो कोन? बिल्डरनं तुझा कागद अर्जाला लावलाय. तलाव मेलाच हाय, तं भरून टाकू, असा सांगतो. शुक्करवारी सुनावनी हाय."

"आनि भरला, तं उधानाचं पानी जाईल कुठं? आमच्या घरान! दोन वरसं झाली, खारीचं पानी बांधाला लागतं. आमाला भ्याव पानी आटायचा नाय रे बाबा, चढायचा हाय. आनि तू छापतोस भेगा."

मी संपादकांकडे गेलो.

"खुलासा कसला? प्रातिनिधिक फोटो आहे तो."

"ओळीत गावाचं नाव आहे, सर."

"कुणी घातलं?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चार ओळी. शेवटच्या पानावर. सुनावणीला जायचं असेल तर रजा टाकून जा. आपलं लेटरहेड नको."

चार ओळींनी काम होणार नव्हतं. गावकऱ्यांच्या दबावामुळे पेपरने माघार घेतली, असं बिल्डरचा वकील सहज म्हणाला असता. तळं मुद्दाम रिकामं केलं होतं, हे दिसेल असा पुरावा हवा होता. आत्ता जाऊन नवा फोटो काढावा, तर तळं कोरडंच. मग सुधाकरने पाणी सोडतानाही फोटो काढले असतील, तर त्यांची निगेटिव्हच हवी.

डार्करूममध्ये सुधाकरने मला आधी एकच विचारलं, "मागचं वाचलं नव्हतंस का रे?"

फोटोच्या पाठीवर फोटोग्राफर पेन्सिलीने माहिती लिहितो. उपसंपादक ओळ टाइप करतो आणि ती चिठ्ठी त्याच पाठीवर डकवतो. मी छापलेल्या फोटोची प्रिंट फायलीतून काढली आणि चिठ्ठी सोलली. खाली सुधाकरचं बारीक अक्षर: 'मासे काढून सुकवलेलं तळं.'

"वाचलं होतं," मी म्हणालो.

स्टूल ओढून त्याने पाकिटांचा पहिला खोका काढला.

निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटांत ठेवलेल्या असत, पाकिटावर जागेचं नाव. कळवा नावाची सगळी पाकिटं बुधवारी पाहून झाली. नाही. खाडी, मासेमारी, मिठागरं पाहिली. नाही. गुरुवारी दुपारपर्यंत माझे हात घामाने इतके ओले झाले, की सुधाकरने पट्ट्यांना हात लावू नकोस म्हणून बजावलं. चुकून फेकली गेली असेल तर? एका ओळीने मी पन्नास घरं पाण्यात घातली होती.

चारच्या सुमाराला सुधाकर स्वतःशीच पुटपुटला, "रोल शहाडला सुरू केलेला..."

रोल संपल्याशिवाय तो कॅमेऱ्यातून काढत नसे. आठवडा-दोन आठवडे एकच रोल चाले, आणि पाकिटावर नाव पडे ते पहिल्या फोटोचं. 'शहाड, पाणीकपात' या पाकिटात आमचं तळं होतं. एकाच सलग पट्टीवर आधी उघडी उघाडी, धो धो बाहेर पडणारं पाणी, कमरेएवढ्या चिखलात मासे धरणारे लोक. पुढे तीन फ्रेम सोडून भेगा. दोन्हींकडे मागे तोच वाकडा माड.

शुक्रवारी सुनावणीत अधिकाऱ्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. सोबत आम्ही पट्टीवरून त्याच आकाराचे छोटे फोटो कागदावर काढून दिले होते, तेही भिंगाखाली पाहिले. बिल्डरचे वकील म्हणाले, "पेपरने तर तळं आटलं असं छापलंय, साहेब."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिथे गेला होतात?"

"नाही."

"मग हे कशावरून लिहिलंत?"

"लेखाला शोभत होतं म्हणून."

त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मागे बसलेल्या हिराबाई शेजारणीला म्हणाल्या, "लाज हाय थोरी. बरा हाय पोरगा." मी तेव्हा चाळिशीचा होतो.

भरावाची परवानगी नाकारली गेली. निदान त्या वेळी.

पुढच्या अमावास्येला सुधाकर आपणहून तिथे गेला. उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याखाली जेमतेम एक वीत राहिलं होतं, तो फोटो त्याने आणला. सपाट पाणी, सपाट बांध. संपादकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "यात काय दिसतंय?" म्हणाले आणि परत दिला. तो कधीच छापला गेला नाही.

त्यानंतर नोकरीची सगळी वर्षं मी ओळीची चिठ्ठी फोटोच्या पाठीवर खालच्या कडेला, पेन्सिलीचं अक्षर उघडं राहील अशी डकवत आलो. आणि जो फोटो पाहताक्षणी लेखाला चपखल बसला, तो जिथे काढला होता तिथे, छापण्याआधी, जाऊन आलो.